बोट, बोल आणि अक्षर

‘आण इकडे, मी करून देते!’

हल्ली बहुतेक घरांत दिवसातून एकदा तरी हे वाक्य ऐकू येतं. म्हणणारी सून असते, लेक असते नाहीतर नात. आणि जिला म्हटलं जातं ती घरातली सगळ्यात ज्येष्ठ बाई. तिच्या हातातला मोबाइल अलगद काढून घेतला जातो, चार वेळा टकटक होते, काम होऊन जातं. सगळं प्रेमापोटीच असतं, त्याबद्दल शंका नाही. पण गॅसचा नंबर लावण्यापासून ते भावजयीला वाढदिवसाचा निरोप धाडण्यापर्यंत प्रत्येक गोष्टीसाठी कुणाच्या तरी सवडीची वाट बघायची, हे त्या बाईला किती जड जात असेल? जिनं चाळीस वर्षं अख्खं घर चालवलं, तिला आता बहिणीशी बोलायलाही मध्ये माणूस लागतो.

मी मोबाइलचे पडदे आखायचं काम करते. म्हणजे ॲप उघडल्यावर कुठलं बटण कुठे असावं, केवढं असावं, दाबल्यावर काय व्हावं, हे ठरवायचं. आणि दर शनिवारी दुपारी आमच्या भागातल्या ज्येष्ठ नागरिक संघात मोबाइलचा वर्ग घेते. वर्गाला येणाऱ्या बहुतेक बायकाच. साठीच्या काकूंपासून चौऱ्याऐंशी वर्षांच्या आजींपर्यंत. ऑफिसात मी जे शिकले नाही ते या वर्गात शिकले, असं म्हटलं तरी चालेल.

पहिल्या दिवशी प्रत्येकीचं वाक्य ठरलेलं असतं, ‘आम्हाला काही जमत नाही गं यातलं.’ मी म्हणते, ‘थांबा काकू, आधी फोनला काय जमत नाही ते बघू.’

बोट ओळखीचं, पण फोनला अनोळखी

आता साधं बोट टेकवणंच घ्या. आपल्याला वाटतं, त्यात काय अवघड? पण आजच्या फोनचा पडदा जुन्या बटणांसारखा दाबावर चालत नाही. बोट टेकलं की पडद्यावरच्या विद्युतभारात जो सूक्ष्म बदल होतो, तो टिपून तो चालतो. वय वाढलं की त्वचा कोरडी होते. त्यात आयुष्यभर भांडी घासलेली, भाज्या चिरलेली, राखेत आणि साबणात गेलेली बोटं! पडद्याला ती नीट कळतच नाहीत. मग आजी काय करतात? जोरात दाबतात आणि दाबूनच ठेवतात. तिथेच घोटाळा होतो. बोट साधारण अर्धा सेकंद एका जागी राहिलं की फोन त्याचा वेगळाच अर्थ लावतो. चित्रं हलायला लागतात, ‘काढून टाकू का?’ असं काहीतरी विचारलं जातं. आजी घाबरून फोन खाली ठेवतात. ‘बिघडला वाटतं!’

हात थरथरत असेल तर आणखीनच वेगळी तऱ्हा. एकदा टेकवलेलं बोट फोनला दोनदा टेकल्यासारखं वाटतं. बटण एक, उघडतं शेजारचंच काहीतरी. बटण केवढं असावं याचे संकेत आहेत. ॲपल ४४ पॉइंट म्हणतं, अँड्रॉइड ४८ डीपी म्हणतं. त्यातलं अँड्रॉइडचं माप सुमारे ९ मिलिमीटर भरतं, शर्टाच्या कॉलरच्या बटणाएवढं. पण फोनवरचा मराठी कीबोर्ड बघा. इंग्रजीची सव्वीस अक्षरं बसवताना जी दाटी होते, त्यात आपले स्वर, व्यंजनं, मात्रा, रफार, सगळं कोंबायचं. नऊ मिलिमीटर कुठून आणायचे?

डोळ्यांची गोष्ट निराळीच. वयानुसार डोळ्यातलं भिंग पिवळसर होत जातं, त्यामुळे निळ्या छटांमधला फरक कळेनासा होतो. पांढऱ्यावर फिकट राखाडी अक्षरं तरुण डिझायनरला फार देखणी वाटतात, आजींना तिथे कोरा कागद दिसतो. कान जातात तेही आधी उंच पट्टीतल्या आवाजांना. म्हणजे फोनची ती नाजूक ‘टिंग’ नातवाला दुसऱ्या खोलीत ऐकू येते आणि आजींच्या हातात वाजूनही त्यांना पत्ता नसतो.

यातली एखादी अडचण सोडवून काम भागत नाही, कारण प्रत्येकीची अडचण वेगळी. कुणाचे हात कापतात, कुणाला मोतीबिंदू, कुणी लिहायला कच्ची, कुणाची कवळी बसवलेली म्हणून उच्चार बदललेला. आणि एकाच बाईचंही रोज सारखं नसतं. थंडीत संधिवात बळावला की कालपर्यंत चालणारं बोट आज चालत नाही. म्हणून आमच्या क्षेत्रात एक गोष्ट कळकळीनं सांगितली जाते. फोनला आपलं म्हणणं सांगायच्या वाटा एकाहून जास्त ठेवा. बोटानं दाबा, तोंडानं बोला, हातानं लिहा. एक बंद पडली तर दुसरी उघडी हवी.

ती बरणी तिकडे ठेव

ही कल्पना काही आजची नाही. १९८० साली अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये रिचर्ड बोल्ट यांनी एक प्रयोग मांडला होता. भिंतीएवढा पडदा, समोर खुर्चीत बसलेला माणूस. तो हातानं एका आकाराकडे बोट दाखवायचा आणि तोंडानं म्हणायचा, ‘ते तिकडे ठेव.’ कॉम्प्युटरला ‘ते’ आणि ‘तिकडे’ कळायचं हातावरून आणि ‘ठेव’ कळायचं आवाजावरून. प्रयोगाचं नावच मुळी ‘पुट दॅट देअर’!

मला हे पहिल्यांदा वाचल्यावर आपलं स्वयंपाकघर आठवलं. हात कणकेनं भरलेले असताना आपण हनुवटीनं दाखवतो आणि म्हणतो, ‘ती बरणी तिकडे ठेव गं.’ ऐकणारीला सगळं कळतं. माणूस हा असा हावभाव आणि शब्द मिसळूनच बोलतो. एकाच वाटेनं बोलायची सक्ती यंत्रानं आपल्यावर केली.

मराठीपुरतं बोलायचं तर दहा-बारा वर्षांत या वाटा पुष्कळ उघडल्या. २०१३ साली व्हॉट्सॲपवर आवाजी निरोप आले. २०१५ मध्ये गुगलनं बोटानं पडद्यावर लिहायची सोय आणली. २०१७ च्या ऑगस्टमध्ये त्यांच्या कीबोर्डाला मराठी बोललेलं ऐकून टाइप करता यायला लागलं. त्याच सुमारास सरकारनंही लक्ष घातलं होतं. भारतीय मानक ब्यूरोच्या २०१६ च्या आयएस १६३३३ (भाग ३) या मानकानुसार इथे विकल्या जाणाऱ्या फोनवर इंग्रजी, हिंदी आणि आणखी किमान एका भारतीय भाषेत मजकूर लिहिता यायला हवा, आणि वाचता तर सगळ्या अनुसूचित भाषांत यायला हवा.

आणि आपल्या पवईच्या आयआयटीतलं काम तर मला फार आवडतं. तिथल्या औद्योगिक आरेखन केंद्रात प्राध्यापक अनिरुद्ध जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये ‘स्वरचक्र’ नावाचा कीबोर्ड आणला. त्यात व्यंजनं आपल्या वर्णमालेच्या क्रमानंच मांडलेली. ‘क’वर बोट ठेवलं की त्याच्याभोवती चक्र उमलतं, का, कि, की, कु, कू... हवं त्या दिशेला बोट सरकवायचं की झालं. वर्गात मी हे दाखवलं तेव्हा एक आजी एकदम खुलल्या. ‘अगंबाई, ही तर आमची बाराखडी!’ सत्तर वर्षांपूर्वी घोकलेलं काही वाया गेलं नव्हतं. मात्र ज्यांचा हात कापतो त्यांना तो ‘कि’ आणि ‘की’मधला बारीकसा वळसा जमेना. त्यांना दुसरी वाट हवी होती.

पावणेदोनशे म्हणजे किती?

ती वाट म्हणजे बोलणं. बोलायला काय, सगळ्यांनाच येतं. पण इथेही खाचाखोचा आहेत.

पहिली गंमत म्हणजे थांबणं. आपल्या आजी-काकू सावकाश बोलतात. शब्द आठवतात, मध्येच ‘काय बरं ते...’ म्हणतात. तेवढ्या वेळात माइक ‘झालं वाटतं’ समजून बंद होतो. बोलणं अर्धवट राहतं. ऐकणाऱ्यानं दोन क्षण थांबायची रीत पाळायला हवी, मग तो माणूस असो की फोन.

दुसरी गोष्ट आकड्यांची. वर्गातल्या एका काकूंनी भाजीवाल्याला पैसे पाठवायचा सराव करताना म्हटलं, ‘पावणेदोनशे.’ पडद्यावर उमटलं, २००. काकू म्हणाल्या, ‘अगं, पंचवीस रुपये गेले की माझे!’ आम्ही हसलो, कारण तो सरावच होता. पण विचार करा. सव्वाशे, दीडशे, अडीचशे, साडेसातशे, ही आपल्या बायकांची रोजची भाषा. ती न कळणारं यंत्र मराठी बोलतं असं कसं म्हणायचं? एकोणसत्तर आणि एकोणऐंशी यांचा घोळ तर माणसांतही होतो. म्हणून पैशाच्या कामात माझा आग्रह असतो. बोलून रक्कम सांगा खुशाल, पण फोननं ती मोठ्या आकड्यात दाखवली पाहिजे, अक्षरात लिहिली पाहिजे, मोठ्यानं वाचूनही दाखवली पाहिजे. आणि शेवटचा ‘हो’ बोटानंच दाबायचा. बोल चुकला तर डोळा आणि कान पकडतील, बोट चुकलं तर बोल सांभाळून घेईल.

तिसरी गोष्ट दुरुस्तीची. बोलून वाक्य टाइप झालं, त्यात एक शब्द चुकला. तो बदलायचा तर दोन अक्षरांच्या मधोमध बोट टेकवायचं, हे चाळिशीतल्या मलाही एका फटक्यात जमत नाही. त्यातून आपली जोडाक्षरं! ‘लक्ष्मी’मधलं ‘क्ष्मी’ डोळ्यांना एक अक्षर दिसतं, पण फोनच्या पोटात त्याचे सहा तुकडे असतात. खोडायला गेलं की बहुतेक कीबोर्ड आधी नुसती वेलांटी खोडतात, मग ‘म’, मग मध्येच पाय मोडलेलं काहीतरी समोर येतं. आजींना वाटतं आपल्याच हातून काही मोडलं. खरं तर चुकलेल्या शब्दावर कुठेही बोट ठेवलं की तो अख्खा शब्द निवडला जावा आणि पुन्हा बोलून किंवा लिहून बदलता यावा. एवढं केलं तरी पुष्कळ.

पोस्टकार्ड आणि आंतरदेशीय

पण बोलण्याची सगळ्यात मोठी अडचण मला कुठल्या पुस्तकानं सांगितली नाही. वर्गातल्या एका आजींनी सांगितली.

त्या फार कमी बोलायच्या. आवाज स्वच्छ, उच्चार खणखणीत, त्यामुळे बोलून टाइप करायचं त्यांना पहिल्याच दिवशी जमलं होतं. तरी घरी त्या ते वापरत नव्हत्या. मी कारण विचारलं तर आधी टाळलं. मग सगळ्या गेल्यावर हळूच म्हणाल्या, ‘बहिणीला मनातलं सांगायचं असतं गं. दोन खोल्यांचं घर आमचं. सून शेजारीच भाजी निवडत असते. चांगली आहे हो पोरगी. पण मोठ्यानं कसं बोलू सगळं?’

मी गप्पच झाले. आम्ही डिझायनर मंडळी आवाज आवाज म्हणून नाचतो. बोलणं सगळ्यात सोपं, सगळ्यात नैसर्गिक, असं म्हणतो. पण भिंतींना कान असलेल्या घरात बोलून लिहिणं म्हणजे पोस्टकार्ड झालं. पोस्टमनपासून शेजारणीपर्यंत कुणीही वाचावं. गुडघ्याच्या ऑपरेशनला पैसे कुणी द्यायचे, मुलाचं कुठे बिनसलंय, हे पोस्टकार्डावर लिहिता येतं का? त्याला आंतरदेशीयच लागतं, चिकटवून बंद केलेलं.

त्या आजींना मी बोटानं लिहायची सोय काढून दिली. खाली मोठी पांढरी पाटी येते, तिच्यावर बोट फिरवायचं, वर छापील अक्षरं उमटतात. पाटी-पेन्सिलीवर शिकलेली पिढी ही, त्यांना काही सांगावंच लागलं नाही. मात्र आधी रेघ ओढायची की अक्षर, यावरून थोडी झटापट झाली. शिवाय त्या सावकाश लिहायच्या, बोट जरा उचललं की फोन अर्धंच अक्षर उचलायचा. मग त्यांनीच युक्ती काढली. एका वेळी एकच शब्द, आणि शिरोरेघेला सुट्टी! तीन आठवड्यांनी म्हणाल्या, ‘परवा बहिणीला एवढं मोठं पत्र लिहिलं. तिचं उत्तर आलं. कुणाला काही कळलं नाही.’ त्यांचा चेहरा बघायला हवा होता तुम्ही.

ही सोय त्यांच्या फोनमध्ये पहिल्या दिवसापासून होती बरं का! पण ती कुठे दडलेली? कीबोर्डाच्या सेटिंग्जमध्ये जा, भाषा काढा, मराठी निवडा, मग त्यात हस्तलेखन. चार दारांआड ठेवलेली वाट असून नसल्यासारखीच. लिहायच्या चौकोनाशेजारीच तीन चित्रं हवीत, बोट, तोंड आणि पेन्सिल. आणि ती रोज त्याच जागी हवीत. अपडेट आलं की बटणं घर बदलतात, हा तर आमच्या धंद्याचा जुना रोग आहे.

पेन्शन अडते तेव्हा

कुणी म्हणेल, निरोप काय, नाही गेला एखादा तर काय बिघडलं? पण अनेकींच्या घरची चूलच या पडद्यावर अवलंबून असते. निवृत्तिवेतन घेणाऱ्यांना दर वर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. १० नोव्हेंबर २०१४ ला ‘जीवन प्रमाण’ ही डिजिटल दाखल्याची योजना सुरू झाली. बोटाचा ठसा द्या, आधारशी जुळला की दाखला तयार. छानच सोय! पण ज्यांच्या बोटांवरच्या रेषा कामानं आणि वयानं पुसल्या, त्यांनी काय करायचं? नवऱ्यामागे कुटुंब निवृत्तिवेतनावर जगणारी बाई यंत्रावर पुन्हा पुन्हा बोट टेकवते आणि यंत्र म्हणतं, जुळत नाही. जिवंत बाई समोर बसलेली असते, तरी!

डोळ्याच्या बुबुळावरून ओळख पटवायचीही सोय होती, पण त्याला खास यंत्र लागायचं. २०२१ च्या नोव्हेंबरात चेहऱ्यावरून ओळख पटवायची सोय आली, साध्या अँड्रॉइड फोनवर, घरबसल्या. एकच काम, पण तिथे जायच्या वाटा तीन. ठसा जुळला नाही तरी दाखला अडत नाही. वाटा अनेक का हव्यात, हे पटवायला मला याहून चांगलं उदाहरण ठाऊक नाही.

ज्यांच्याकडे बटणांचाच साधा फोन आहे त्यांच्यासाठी रिझर्व्ह बँकेनं मार्च २०२२ मध्ये ‘यूपीआय १२३ पे’ आणलं. एका नंबरावर फोन लावून, मिस्ड कॉल देऊन किंवा ध्वनीच्या साहाय्यानंही पैसे देता येतात. साध्या फोनला ‘अमक्यासाठी एक दाबा’ छान जमतं, कारण बटणं समोरच असतात. स्मार्टफोनवर मात्र तेच वाक्य छळतं. फोन कानाला असतो तेव्हा पडदा बंद झालेला. कानापासून काढा, पडदा उजळू द्या, आकड्यांचं चित्र शोधा, ते दाबा, मग ‘एक’ शोधा... तोवर ती बाई पुढे निघून गेलेली असते. ‘क्षमा करा, आम्हाला आपलं उत्तर मिळालं नाही.’ अहो, द्यायला वेळ कुठे दिलात?

जपानला ही गरज आपल्या आधी कळली. तिथे फुजित्सू कंपनी २००१ पासून ‘राकूराकू’ फोन करायला लागली. राकूराकू म्हणजे अगदी आरामात, सहज. त्यात समोरच्याचं बोलणं थोडं संथ करून ऐकवायची सोय होती. २०१२ मध्ये त्यांनी स्पर्शाचा फोन आणला, त्यात तर मला फार आवडलेली युक्ती आहे. बोट नुसतं टेकलं तर बटणाचा रंग बदलतो, काम होत नाही. जरा दाबलं की फोन थरथरतो आणि मगच बटण लागतं. म्हणजे चुकून लागलेलं बोट आणि मनापासून दाबलेलं बोट यांतला फरक फोनला कळतो.

आपल्या हातातलं

मोठ्या कंपन्या करायचं तेव्हा करतील. पण घरातल्या ज्येष्ठ बाईचा फोन आजच थोडा तिच्याजोगा करता येतो. सेटिंग्जमधल्या सुलभतेच्या, म्हणजे ॲक्सेसिबिलिटीच्या विभागात ‘बोट किती वेळ धरलं की दाबून ठेवलं समजायचं’ ती वेळ वाढवता येते. आयफोनसारख्या फोनांत लागोपाठ झालेले स्पर्श एकच धरायची सोय आहे. अक्षरं मोठी करा, पण सोबत ठळकही करा. मराठी कीबोर्ड लावून द्या, आणि त्यात हस्तलेखनही. व्हॉट्सॲपवर बोलताना थरथरतं बोट डावीकडे सरकलं की निरोप रद्द होतो, पुष्कळजणींचे निरोप असेच हवेत विरतात. माइक दाबून बोट वर सरकवलं की कुलूप लागतं आणि मग हात मोकळा ठेवून बोलता येतं, हे त्यांना शिकवा. बोलून टाइप करताना एक सावधगिरी मात्र पक्की सांगा. पिन आणि ओटीपी कधीही तोंडानं उच्चारायचा नाही, ना फोनला, ना फोनवरच्या माणसाला.

आणि शिकवताना तिच्या समोर नाही, शेजारी बसा. दोन्ही हात मांडीखाली घाला. हो, खरंच! माझ्या वर्गात मदतीला येणाऱ्या मुलींना माझा हाच नियम आहे. ती चुकेल, मागे जाईल, पुन्हा करेल. दोन मिनिटांच्या कामाला वीस मिनिटं लागतील. लागू देत. तिनं आपल्याला बुटाची नाडी बांधायला शिकवलं तेव्हा किती सकाळी गेल्या होत्या, कुणी मोजल्यात?

तिला कुठली वाट आवडते ते मात्र तिलाच ठरवू द्या. बोट, बोल की अक्षर. आणि ती काय लिहिते, ते डोकावून बघू नका.